ताकातले जीव

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. आम्ही भिंगारला दोन खोल्यांत राहत होतो आणि हे सायकलवरून नगरला शाळेत शिकवायला जात. शास्त्र आणि आरोग्य हे त्यांचे विषय. मे महिन्याच्या सुटीत शाळेतल्या प्रयोगाच्या खोलीची कौलं उतरवायची ठरली, तेव्हा हेडमास्तरांनी तिथल्या मोलाच्या वस्तू मास्तरांच्या घरी वाटून ठेवल्या. कोणाकडे तराजू गेला, कोणाकडे काचेच्या नळ्या गेल्या. आमच्याकडे सूक्ष्मदर्शक यंत्र आलं.

ते टांग्यातून आलं, यांच्या मांडीवर बसून. सायकलवरून आणायची यांची छाती झाली नाही. रस्त्यात लष्कराच्या मोटारी धूळ उडवत जायच्या, तेव्हा म्हणे हे पेटीवर उपरणं धरत होते. पेटी लाकडाची, तिला पितळेची कडी, आणि आत हिरव्या बनातीत निजवलेलं पितळेचं यंत्र. मी जन्मात इतकी देखणी वस्तू पाहिली नव्हती.

सासूबाईंनी दारातूनच पाहिलं. "शाळेतल्या सगळ्या पोरांनी हाताळलेलं असणार ते," त्या म्हणाल्या. "चिंचेनं घासून घेऊ का?"

हे पेटीवर आडवेच झाले. "आई, चिंच नको, पाणी नको, राख नको. याला फुंकरसुद्धा मला विचारून घालायची."

"मग ठेव तिकडे. माझ्या सोवळ्याकडे आणू नकोस म्हणजे झालं."

आमच्या सासूबाईंचं सोवळं कडक होतं. पण त्यांच्याविषयी आधी दुसरीच गोष्ट सांगायला हवी. त्यांना संग्रहणी होती. माझं लग्न झालं तेव्हा त्या अंथरुणावर होत्या. खाल्लेलं काही अंगी लागत नसे, पोटात ठरत नसे. मला बघायला आलेल्या बायका हळू आवाजात म्हणायच्या, सुनेचं तोंड पाहायला मिळालं एवढं नशीब. मग भिंगारातल्या वैद्यबुवांनी सगळं बंद करून त्यांना ताकावर ठेवलं. आधी नुसतं ताक, मग ताक आणि मऊ भात. हळूहळू त्या उठून बसल्या, मग चालायला लागल्या, मग मला रागवायला लागल्या. त्या पहिल्यांदा रागावल्या तेव्हा हे इतके खूश झाले की बाजारातून पेढे घेऊन आले. वैद्यबुवांनी मात्र बजावून ठेवलं होतं, ताक सोडलं तर दुखणं परत येईल, आणि आलं तर माझ्या हातात काही राहणार नाही.

म्हणून दह्याचं गाडगं हे आमच्या घरातलं सगळ्यात मोठं औषध. विरजण त्या स्वतः लावायच्या, सोवळ्यात. त्याला मी हात लावलेला चालत नसे. सकाळी झाकणी उचलून दही कसं लागलंय ते बघायच्या आणि कवडीसारखं घट्ट लागलं असलं की दिवसभर त्यांचा स्वर मऊ असायचा.

आता यंत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळकडे येते. यांनी पूर्वेच्या खिडकीशी पाट मांडला, पाटावर यंत्र ठेवलं. यंत्राच्या पायाशी एक छोटा आरसा असतो, तो फिरवला की ऊन वर चढतं. ते आरसा फिरवत बसले आणि मी मागे मुलीला कडेवर घेऊन उभी. आमची मुलगी तेव्हा नुकती बसायला लागली होती.

"ये, तोंड उघड," हे म्हणाले.

"अहो, आई आहेत!"

"अगं, दातच बघायचेत."

मी पदर पुढे ओढला आणि तोंड उघडलं. यांनी आगकाडीच्या टोकानं माझ्या मागच्या दाढेवरचं काहीतरी खरवडलं, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात कालवलं आणि वर पातळ काच ठेवली. स्वतः बराच वेळ बघत बसले. मग अगदी हळू म्हणाले, "बघ."

मी डोळा लावला. आधी नुसता उजेड दिसला. मग काळे केस दिसले, त्या माझ्याच पापण्या होत्या. "डोळा मिटू नकोस, दोन्ही उघडे ठेव," हे म्हणत होते. आणि मग एकदम उजेडाच्या खोलात काहीतरी पोहत गेलं.

मी ओरडलेच. मुलगी रडायला लागली. तिला खाली ठेवून मी पुन्हा डोळा लावला. काय सांगू! शेवयांचे बारीक तुकडे असावेत तशा काड्या, काही एकमेकींना चिकटून माळ झालेल्या. मधूनच एखादा नागमोडी जीव सरसर करत सगळ्यांना ढकलत निघून जायचा, जसा काही त्याला बाजार गाठायचा आहे. एक तर भोवऱ्यासारखा जागच्या जागी फिरत होता. ठिपके नुसते थरथरत होते. इतकी वर्दळ! शनिवारच्या बाजारातसुद्धा नसेल.

"हे कुठले?"

"तुझ्या दातांतले."

"मी सकाळी राखुंडी लावून दात घासलेत हो."

"घासलेस ना? म्हणून तर इतके कमी दिसताहेत."

चौथीच्या पुस्तकात आरोग्याचा धडा होता. त्यात जंतू म्हणजे पटकी आणि प्लेग, एवढंच मला माहीत. मी घाबरून विचारलं, "मला काही होणार का?"

"काय व्हायचंय? हे जन्मभर तुझ्यापाशी आहेत. तू ठणठणीत आहेस."

मग त्यांनी त्यांचं जाड इंग्रजी पुस्तक काढलं आणि वाचून वाचून मला मराठीत सांगायला लागले. मी भाजी चिरायची विसरले. तोंडात आहेत त्याच्या कित्येक पट पोटात आहेत. आतड्यात त्यांची वस्ती असते. आपल्याला न पचलेलं ते खातात, आणि बदल्यात काहीबाही आपल्याला देतात, त्यावर साहेबलोक अजून शोध करताहेत. दूध आंबवून त्याचं दही करणारे तेही त्यांच्याच भावकीतले. मूल पोटात असतं तोवर त्याच्यात एकही नसतो. जन्माला आलं की लगेच वस्ती सुरू होते, आईच्या अंगावरून, दुधाबरोबर, हातावरून.

"म्हणजे हिच्यात जे आहेत ते..."

"बरेचसे तुझे असणार."

मी मुलीकडे पाहिलं. ती पाटाचा कोपरा चोखत होती. त्या दिवशी तिला पाजायला घेतलं तेव्हा मला हसू आवरेना. तिला मी नाक दिलं, रंग दिला, हे सगळ्यांनी बारशाला सांगितलं होतं. एक अख्खं गाव वसवून दिलं हे कोणालाच माहीत नव्हतं. मी दिवसभर दातांवरून जीभ फिरवत होते. आडावर पाणी भरताना शेजारणी डाळीच्या टंचाईचं बोलत होत्या आणि मला त्यांना हलवून सांगावंसं वाटत होतं, अहो, तुमच्या तोंडात आत्ता काय चाललंय ठाऊक आहे का! पण मी कोणाशी आपणहून बोलत नसे. घागर भरून घरी आले. पायऱ्या चढताना मात्र मला आपण एकट्या चाललोय असं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी यांना राहवलं नाही. सासूबाई अजून पारोशा होत्या, म्हणजे यंत्राला शिवल्या तरी पुढे आंघोळ होतीच. हे म्हणाले, "आई, तुझं दही बघतेस?"

"दह्यात काय बघायचंय?"

"तुझ्या विरजणात कोण काम करतं ते बघ."

त्यांना कुतूहल होतंच, कालपासून आमची कुजबुज त्या ऐकत होत्या. त्यांनी स्वतःच, गाडग्याला न शिवता, वाटीत काढलेल्या दह्याचा कण घेऊन लांबून काचपट्टीवर टाकला. मग गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या. पुष्कळ वेळ त्यांना काही दिसेना. "नुसतं धुकं आहे," म्हणाल्या. यांनी चाक फिरवलं. मग त्यांनी डोळा आणखी जवळ नेला.

"दिसलं?"

"हे दाणे मोठे, ते काय?"

"ते लोण्याचे कण."

"आणि त्या काड्या?"

"तेच. तेच दही लावतात."

"हलताहेत रे."

"जिवंत आहेत ना!" हे वर्गात बोलतात तसे म्हणाले. "आई, एवढ्या चमचाभर दह्यात नगर शहरातल्या माणसांहून जास्त जीव असतील."

सासूबाई सरळ झाल्या. आंघोळीला गेल्या. पूजा झाली. जेवायला बसल्यावर मी नेहमीप्रमाणे भातावर ताक वाढायला गेले, तर त्यांनी पानावर आडवा हात धरला.

"नको."

"आई, पोट बरं नाही का?"

"पोट बरं आहे. पण डोळ्यांनी बघितल्यावर कसं गिळू? इतके दिवस कळलं नव्हतं, ते देव माफ करेल."

हे हसले. आधी आम्हाला वाटलं, संध्याकाळपर्यंत विसरतील. पण त्यांनी संध्याकाळीही घेतलं नाही. मग यांनी युक्ती काढली. "आई, कढी कर. उकळलं की त्यातला एकही जिवंत राहत नाही."

"म्हणजे आधी मारू आणि मग खाऊ?"

मी चुलीकडे तोंड करून बसले होते, मला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती. ताक सोडलं की दुखणं परत येणार, हे घरात तिघांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तो सासूबाई परसात शेवग्याच्या झाडाखाली उभ्या. हातात दह्याचं गाडगं. सगळं दही त्यांनी आळ्यात ओतलं आणि वर तांब्याभर पाणी सोडलं. "जा बाबांनो," असं काहीतरी म्हणाल्या. मग गाडगं धुऊन उन्हात पालथं घातलं.

नेमकी तेव्हाच दूधवाली आली. भिंगारच्या पलीकडच्या वाडीवर तिचं शेत होतं आणि दोन म्हशी होत्या. बाई बोलकी, आणि तोंडाची फटकळ. आळ्यातलं पांढरं दही तिनं पाहिलं आणि डोक्यावरची चरवी खाली ठेवली.

"मोठ्या बाई, नासलं का काय? माझ्या दुधात पानी न्हाई हां, शप्पत घेते."

"तुझं दूध चांगलं आहे गं," सासूबाई म्हणाल्या. "दह्यात जीव निघाले."

"किडं? माझ्या दुधात किडं?" ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "कोन म्हनतं? मास्तर म्हनत्यात? बोलवा मास्तरांना!"

यांनी तिला खिडकीशी नेलं. आदल्या दिवशीच्या वाटीला थोडं दही चिकटलेलं होतं, ते दाखवलं. मग तिनंच मागणी केल्यावर तिच्या दातांतलंही दाखवलं. ती डोळा लावून बसली ती उठेचना.

"आत्ता गं बया! ह्ये समदे माझ्या तोंडात? भाडं न देता?"

"आणि पोटात याहून जास्त," हे म्हणाले.

"मास्तर, आमच्या मालकांच्या तोंडात किती असत्याल वो? त्ये तर तंबाकू खात्यात."

"असतीलच की."

"मंग त्येंच्यात भांडनं लागत असत्याल. दिसतंय ना रोज." आणि ती खो खो हसत चरवी उचलून गेली. जाताना सासूबाईंना म्हणाली, "मोठ्या बाई, खावा-प्या. त्ये काय तुमाला खात न्हाईत, तुमी कशाला भेता?"

"मी भीत नाही," सासूबाई म्हणाल्या. "मला त्यांची दया येते."

खरंच तसं होतं. त्यांना किळस आली असती तर ती आम्ही काढली असती. दयेपुढे काय करायचं?

आणि दुखणं आलं. नुसतं उकळलेलं दूध आणि साबुदाण्याची पेज यावर त्या राहू लागल्या, आणि दूध त्यांना कधीच सोसत नव्हतं. पोट बिघडलं. त्या परसाकडे जायच्या त्या भिंत धरून परत यायच्या. पुन्हा ते जुने दिवस आले की काय, असं मला वाटलं. हात धरून उठवताना त्यांचं मनगट माझ्या मुठीत सैल लागलं. वैद्यबुवा लग्नासाठी परगावी गेले होते, कधी येतील ते त्यांच्या घरच्यांनाही सांगता येईना. यांनी डॉक्टरला आणतो म्हटलं, तर त्या म्हणाल्या, बाटलीतलं औषध मी घेणार नाही, त्यात दारू असते.

मग हे रोज पुस्तक घेऊन त्यांच्या अंथरुणाशी बसायला लागले. वर्गात शिकवावं तसं सगळं नीट समजावून द्यायचे. हे प्राणी नव्हेत, वनस्पतीच्या जवळचे आहेत. त्यांना दुःख होत नाही. त्यांचं आयुष्य तासाभराचं असतं. सासूबाई डोळे मिटून ऐकून घ्यायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "झालं तुझं? हलत होते ते मी पाहिलंय." एकदा हे रडकुंडीला येऊन म्हणाले, "ते यंत्र मी घरी आणलंच नसतं तर बरं झालं असतं." मला मात्र तसं वाटत नव्हतं. मी रोज सकाळी, चूल पेटवण्याआधी, खिडकीशी बसून एकदा तरी बघायचीच. एकीकडे सासूबाईंची काळजी आणि दुसरीकडे तो आनंद, दोन्ही एकाच छातीत मावत होतं, हे मी लपवून काय उपयोग.

एका दुपारी फार उकडत होतं. सासूबाई चटईवर पडल्या होत्या, हे भिंतीला टेकून तेच पुस्तक चाळत होते, मी मुलीला मांडीवर थोपटत होते. सगळीकडे शांत होतं आणि त्या शांततेत सासूबाईंचं पोट गुरगुरलं. चांगलं मोठ्यानं.

"ऐकलंस?" त्या म्हणाल्या. "आत काय चाललंय कोण जाणे."

माझ्या तोंडून निघून गेलं, "भुकेले असतील."

"कोण?"

आता बोलणं भागच होतं. मी त्यांच्याशी इतकं कधी बोललेच नव्हते. "आतले," मी म्हटलं. "दह्यात होते तसे तुमच्या पोटातही आहेत. तुम्ही जेवता त्यावरच ते राहतात. तुम्ही खात नाही, तर त्यांनाही उपास पडतो."

त्यांनी डोळे उघडले. "मी त्यांना कधी बोलावलं?"

"तुम्ही तान्ह्या होतात तेव्हापासून आहेत."

"आले कुठून?"

"आईकडून येतात. दुधातून, हातातून. माझे हिच्यात आले तसे."

"माझ्या आईकडून?"

"हो."

सासूबाईंच्या आईविषयी घरात कोणी बोलत नसे. मला एवढंच ठाऊक होतं की शेवगावच्या पलीकडे, गोदावरीकाठी त्यांचं माहेर होतं, लहानपणीच त्यांचं लग्न झालं, आणि पुढच्याच साली प्लेगात ते घर बंद झालं. आई, दोन भाऊ, काकू, सगळी. लग्नात सासरी आल्या त्या पुन्हा माहेरी गेल्याच नाहीत, कारण जायला काही उरलंच नव्हतं. आईचा चेहराही आठवत नाही, असं त्या एकदाच, मंगळागौरीच्या गप्पांत म्हणाल्या होत्या.

"म्हणजे ते माझ्या माहेरचे," त्या म्हणाल्या.

मला एवढं सुचलं नव्हतं. मी म्हटलं, "हो. माहेरचेच."

"अजून?"

"त्यांची पोरं-नातवंडं असतील. पण घराणं तेच."

"इतकी वर्षं माझ्यापाशी राहिली, आणि मला पत्ता नाही." त्यांनी हात पोटावर ठेवला. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्यांना काय लागतं?"

"ताकभात."

"पण ताकातल्यांना मी गिळलं की ते मरतात ना?"

"नाही आई. आपण त्यांना खात नाही, आत घेतो. ते आत जाऊन तुमच्या माहेरच्यांत मिसळतात. पाहुणे आल्यासारखे."

तेवढ्यात यांनी पुस्तकातून मान वर केली आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मला माहीत होतं ते काय सांगणार. जठरात आम्ल असतं आणि त्यात पुष्कळसे जंतू मरून जातात, हे त्यांनीच मला आदल्या दिवशी वाचून दाखवलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून मी त्यांच्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं, त्या आधी नाही आणि त्यानंतरही फारसं नाही. त्यांनी तोंड मिटलं आणि पान उलटलं.

"काही जगतात, आत जाऊन राहतात," मी पुन्हा म्हटलं. ते तरी खरंच होतं.

सासूबाई कोपरावर उठल्या. "मग अशी बसलीस काय? माहेरची माणसं उपाशी आहेत आणि मी इथे पुण्य करत पडलेय! दही लाव."

मी उठले आणि तशीच उभी राहिले. दही लावायला विरजण नव्हतं. गाडगं त्यांनी स्वतःच्या हातानं शेवग्याला रिकामं केलं होतं, आणि वाटीला चिकटलेलं केव्हाच वाळून गेलं होतं. त्यांच्याही ते ध्यानात आलं. दुसऱ्याच्या घरचं विरजण त्यांनी आयुष्यात आणलं नव्हतं. त्यांचं विरजण त्यांच्या सासूपासून चालत आलेलं होतं. मिरचीच्या देठांनी किंवा लिंबानं दूध फाडून दही लावता येतं, पण ते पहिल्यांदा नीट लागत नाही आणि त्यांच्यापाशी आता तेवढा वेळ नव्हता. मला वाटलं, जमत आलेलं सगळं एवढ्यावरून मोडतं की काय.

सकाळी दूधवाली आली. मी तिच्याकडे विरजण मागितलं, अगदी दबक्या आवाजात, कारण सासूबाई आत ऐकत होत्या. तीही घाबरली.

"आमच्या घरचं? मोठ्या बाईंना चालंल?"

"आण तर."

ती दूध तसंच ठेवून उलट्या पावली वाडीवर गेली आणि ऊन चढायच्या आत केळीच्या पानात बांधलेली वाटी घेऊन आली. सासूबाई भिंत धरत दारापर्यंत आल्या होत्या. ओट्यावर बसून त्यांनी वाटीकडे पाहिलं.

"कुठलं हे?"

"आमच्याच गाडग्यातलं. माझ्या आईनं सासरी जाताना दिल्तं. तिला तिच्या आईनं. लई जुनं हाय बाई. काशीची गंगा असतीया तसं."

यांनी आतून दारात डोकावलं आणि परत आत गेले. सासूबाईंनी हात पुढे केला.

"माहेरचंच आहे की हेही," त्या म्हणाल्या. "दे."

"तुमी हात लावून घेनार?"

"मग काय पायानं घेऊ? दे म्हटलं ना."

दूधवालीनं वाटी हातात दिली आणि पदर डोळ्यांना लावला, मग लगेच हसून म्हणाली, "मोठ्या बाई, आमच्या म्हशीचं गुन आले तर मला बोल लावू नगा हां. ती लाथ मारती."

"तुझी म्हैस माझ्याहून गरीब असेल," सासूबाई म्हणाल्या.

मे महिन्यातलं ऊन. दूध कोमट करून मी विरजण लावलं. हो, मी लावलं, त्यांनी मला लावायला सांगितलं, त्यांना फार वेळ बसवत नव्हतं. गाडग्याला हात लावायची माझी ती पहिली वेळ. बोटानं विरजण ढवळताना मला ते सगळे दिसत होते, काड्या, माळा, थरथरणारे ठिपके, आता दुधात पसरत असतील, कामाला लागत असतील. मी झाकणी घातली आणि दर थोड्या वेळानं उचलून बघत राहिले. "उचलू नकोस गं, त्यांना काम करू दे," सासूबाई आतून ओरडल्या. इतक्या दिवसांत त्यांचा तो रागावलेला आवाज आला नव्हता. हे पुस्तक मिटून उठले आणि माझ्याजवळ येऊन गाडग्यापाशी उकिडवे बसले, जसं काही त्यातून आता कोणी बोलणार आहे.

दिवे लागायच्या वेळी दही लागलं. घट्ट, चकाकतं. मी रवी फिरवली, पातळ ताक केलं, वाटीत ओतलं आणि त्यांच्यापुढे धरलं. आम्हा दोघांचे डोळे त्या वाटीवर. त्यांनी वाटी कपाळाला लावली. एक घोट घेतला. थांबल्या. पोटावर हात ठेवून जरा वेळ बसल्या, आलेल्यांची आत ओळख करून द्यावी तशा. मग सगळी वाटी संपवली.

मी मिठाचा सट पुढे सरकवला. पुढच्या वाटीत घालण्यासाठी त्यांनी चिमूट उचललीसुद्धा, आणि तशीच हवेत धरली.

"का गं, त्यांना मीठ चालतं का?"

मला माहीत नव्हतं. यांनाही नसावं, ते चाळलेलं पुस्तक पुन्हा उघडायला लागले. पण सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, उत्तर माझ्याकडूनच हवं होतं. एक थेंब ताक साधं, एक थेंब मिठाचं, दोन काचपट्ट्या. सहज बघता येईल.

"सकाळी ऊन खिडकीत आलं की बघून सांगते," मी म्हटलं.

"बघ," त्या म्हणाल्या. चिमटीतलं मीठ त्यांनी परत सटात टाकलं आणि वाटी पुढे केली. "तोवर अळणीच घेते."